मिसर देशांतील एक जोडपें
(एक रहस्यकादंबरी-माला कशी वाचावी)

कादंबरी हातीं लागली कीं मुलांचें पाठ्यपुस्तक मिटतें, ही पालकांची तक्रार फार जुनी आहे. त्या कादंबरींत एखादा खून आणि एखादी प्रीति असली, तर तक्रारीचा सूर अधिकच चढतो. ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जें पुस्तक मुलें उशाखालीं लपवून वाचणारच, तें त्यांनीं डोळे उघडे ठेवून कसें वाचावें हें शिकविणें आम्हां शिक्षकांचें काम आहे. म्हणून या लेखांत आम्ही अशाच एका इंग्रजी कादंबरी-मालेचा परिचय करून देऊन ती वाचण्याची रीति थोडीबहुत सांगणार आहों. तींत खून आहेत, प्रीति आहे, आणि इतिहासही आहे. व तिन्हींचा धागा हातीं धरणारे एक नवरा-बायको आहेत.

या मालेची लेखिका एलिझाबेथ पीटर्स. हें तिचें खरें नांव नव्हे. तिचें नांव बार्बरा मर्ट्झ. आपल्या दोन मुलांच्या नांवांवरून तिनें हें टोपणनांव बनविलें. तिचा जन्म १९२७ सालीं अमेरिकेंत झाला व २०१३ सालीं ती वारली. शिकागो विद्यापीठांतून १९५२ सालीं तिनें प्राचीन मिसरच्या विद्येंत डॉक्टरची पदवी मिळविली होती, आणि त्या देशाच्या इतिहासावर सामान्य वाचकांसाठीं दोन सरस ग्रंथही लिहिले होते. ही गोष्ट वाचकानें आरंभींच ध्यानांत ठेवावी. कबरींत कसें उतरतात, फुटक्या खापरांवरून काळ कसा ठरवितात, मजुरांचा मुकादम कसा बोलतो, हें जिला अभ्यासानें ठाऊक आहे अशा बाईनें या गोष्टी रचल्या आहेत. मालेचें पहिलें पुस्तक ‘क्रोकोडाइल ऑन द सँडबँक’ १९७५ सालीं निघालें. विसावें, तिच्या पश्चात् दुसऱ्या लेखिकेनें पुरें केलेलें, २०१७ सालीं. कथानकाचा काळ मात्र १८८४ पासून १९२३ च्या सुमारापर्यंतचा, म्हणजे इंग्रजांनीं १८८२ सालीं मिसर देश व्यापल्यानंतरचा आहे.

पहिल्या पुस्तकाची हकीकत थोडक्यांत अशी. अमीलिया पीबॉडी ही बत्तीस वर्षांची अविवाहित इंग्रज बाई. वृद्ध विद्वान् पित्याची सेवा करण्यांत तिचें तारुण्य गेलें. बाप वारला, आणि त्याची मोठी दौलत, ज्यांनीं त्याच्याकडे ढुंकून पाहिलें नव्हतें त्या पुत्रांस न मिळतां, या मुलीस मिळाली. ती प्रवासास निघते. रोम शहरीं तिला मूर्च्छित पडलेली एव्हलिन नांवाची तरुणी भेटते. एका पुरुषानें फसवून टाकून दिलेली ही मुलगी आपली सर्व हकीकत प्रामाणिकपणें सांगते, आणि अमीलिया एक शब्दही दोष न देतां तिला सोबतीण करून मिसर देशीं घेऊन जाते. (हा भाग मुलांपासून झांकावा असें कांहीं पालकांस वाटेल. आमचें मत उलट आहे. पडलेल्या मुलीस हात देऊन उठविणें म्हणजे काय, हें येथें उपदेशावांचून दिसतें.) नाईल नदीवरून नावेनें प्रवास करतां करतां त्या दोघी अमार्ना येथें येतात. तेथें रॅडक्लिफ एमर्सन व वॉल्टर एमर्सन हे दोघे बंधु राजा अखनातोन याच्या उद्ध्वस्त नगरीचें उत्खनन करीत असतात. थोरला बंधु मोठा विद्वान्, पण महातापट. तो तापानें फणफणलेला असतां अमीलिया त्याची शुश्रूषा करते. मग रात्रीं एक ममी चालतांना दिसूं लागते, मजूर भिऊन काम टाकतात, आणि रहस्यास आरंभ होतो. त्याचा उलगडा येथें सांगणें हा वाचकाचा अपराध होईल. अमीलिया व थोरले एमर्सन यांचा पुढें विवाह होतो, एवढें मात्र सांगण्यास हरकत नाहीं. पुढील सर्व पुस्तकें त्या विवाहावरच उभीं आहेत.

आतां वाचण्याची रीति. ऐतिहासिक कादंबरी वाचतांना इतिहास कोठें संपतो आणि कल्पना कोठें सुरू होते, हें वाचकानें सतत विचारीत असावें. याचें एक उदाहरण आम्ही सविस्तर देतों, कारण तें या मालेंतील आमचें सर्वांत आवडतें आहे.

अमार्ना येथें एमर्सन बंधूंस एका प्राचीन राजवाड्याची रंगविलेली फरसबंदी सांपडते. गिलाव्यावर काढलेल्या त्या चित्रांस वारा व ऊन लागतांच रंग झडूं लागतात. तेव्हां अमीलिया साबुदाण्याची पातळ पेज करून त्या चित्रांवर हळुवार पसरते आणि रंग धरून ठेवते. वाचकास वाटेल, लेखिकेनें ही गंमत मनानें रचली. पण नाहीं! विल्यम फ्लिंडर्स पेट्री (१८५३–१९४२) या प्रसिद्ध उत्खननकारानें अमार्ना येथें अशी फरसबंदी खरोखरच शोधून काढली, आणि तिच्यावर टॅपिओकाची, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा करतात त्याच्याच पिठाची, पेज आपल्या बोटाच्या कडेनें स्वतः लावली. उपवासाच्या दिवशीं आपण ज्याची खिचडी करतों, त्या पदार्थानें तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचीं पाखरें आणि लव्हाळीं वांचविलीं! मात्र पेट्रीचें काम १८९१–९२ च्या हंगामांतलें. कादंबरींत तें १८८४–८५ च्या हिंवाळ्यांत घडतें. लेखिकेला ही तफावत ठाऊक नव्हती असें कोण म्हणेल? तिनें जाणून बुजून शोधाचा मान आपल्या नायक-नायिकेस दिला आणि काळ सात वर्षें मागें ओढला. कादंबरीकारास एवढी मुभा आहे. ती मुभा घेतलेली ओळखणें हें वाचकाचें काम.

त्या खऱ्या फरसबंदीचा शेवटही ऐकण्याजोगा आहे. कादंबरींत तिचा नाश एका दुष्टाच्या हातून रात्रींत होतो. प्रत्यक्षांत ती वीस वर्षें टिकली. पण तिला पाहावयास येणारे प्रवासी भोंवतालचें शेत तुडवीत येत, आणि १९१२ सालीं संतापलेल्या एका माणसानें ती फोडून टाकली. उरलेले तुकडे कैरोच्या संग्रहालयांत गेले. खरी घटना कल्पित घटनेहून किती अधिक विचारांत पाडते पहा! कादंबरींत अपराधी कोण हें शेवटच्या प्रकरणांत कळतें. येथें अपराधी कोण? शेत तुडविणारे, कीं चित्र फोडणारा? असल्या प्रश्नास शेवटचें प्रकरण नसतें.

पेट्रीचें नांव निघालें म्हणून आणखी एक. एमर्सनच्या स्वभावांत व कार्यपद्धतींत या पेट्रीच्या पुष्कळ छटा आहेत. सोन्याच्या हव्यासानें खणणाऱ्यांचा काळ तो. त्या काळीं फुटकें खापरही नोंदून ठेवावें असें पेट्रीनें शिकविलें. मजुरांस सांपडलेल्या वस्तूचें बाजारभावानें बक्षीस तो देई, म्हणजे ती वस्तु चोरून व्यापाऱ्याकडे जात नसे. (बक्षीस हा शब्द आपण आणि मिसरी लोक, दोघांनींही फारसींतूनच घेतला आहे.) त्याची पत्नी हिल्डा हीदेखील त्याच्याबरोबर उत्खननावर काम करी. आणि अमीलिया हें नांव कोठून आलें? अमीलिया एडवर्ड्स (१८३१–१८९२) या इंग्रज लेखिकेनें नाईलच्या प्रवासाचें गाजलेलें वर्णन लिहिलें, व १८८२ सालीं मिसरच्या उत्खननासाठीं एक संस्था स्थापण्यांत पुढाकार घेतला. तिच्या नांवास आमच्या नायिकेनें मान दिला आहे.

आतां त्या जोडप्याविषयीं. अमीलिया पतीस ‘एमर्सन’ म्हणते, आणि तो तिला ‘पीबॉडी’ म्हणतो, म्हणजे तिच्या माहेरच्या आडनांवानें. बरोबरीचा सहकारी म्हणून ही हांक आहे. तो ‘अमीलिया’ म्हणाला कीं स्वारी रागावली असें समजावें! आपल्याकडे आजीच्या पिढींतील बायका पतीचें नांव उखाण्यावांचून घेत नसत. त्या रीतींतही आदर होता, नाहीं असें नाहीं. परंतु एकमेकांस आडनांवानें हांक मारणारें हें जोडपें भांडत-भांडत एकच काम करतें, आणि कोणाचा तर्क आधीं खरा ठरतो याची चुरस लावतें, तेव्हां विवाहाचें एक निराळें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. येथें कायद्याची एक गोष्ट ठाऊक असावी. विवाहित स्त्रीची मिळकत तिचीच राहावी असा कायदा इंग्लंडांत १८८२ सालीं झाला व पुढील वर्षाच्या आरंभापासून अंमलांत आला. त्यापूर्वीं विवाह झाला असता तर पित्याची ती दौलत बहुतांशीं पतीच्या हातीं गेली असती. अमीलियाचा ताठा केवळ स्वभावाचा नव्हे. त्यामागें तो कायदाही उभा आहे.

नवरा-बायकोनें मिळून प्रवास करावा व जें दिसेल त्याचा छडा लावावा, ही कल्पना मराठी वाचकास परकी वाटूं नये. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटना’ंत यमुना व विनायक असेंच फिरतात आणि विधवांचीं दुःखें डोळ्यांनीं पाहतात. तेथें खुनाचें रहस्य नाहीं. पण अपराध आहे, आणि अपराधी पुष्कळ आहेत.

या गोष्टी अमीलिया स्वतः आपल्या रोजनिशींत सांगते. म्हणून सावधगिरी हवी! ती धीट, दयाळू आणि हुशार आहे, आणि आपण कधींच चुकत नाहीं अशी तिची पक्की खात्री आहे. एखाद्याचा स्वभाव एका दृष्टिक्षेपांत ओळखल्याचें ती लिहिते, आणि चार प्रकरणांनंतर तो माणूस भलताच निघतो. वाचकानें तिचें म्हणणें ऐकावें, पण साक्ष दुसरीकडून घ्यावी. १९९७ सालच्या ‘सीइंग अ लार्ज कॅट’ या पुस्तकापासून तिचा पुत्र रामसेस याच्या बाजूनें लिहिलेलीं प्रकरणेंही मधून मधून येतात. तीं आईच्या मजकुराशेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे एकच घटना दोन डोळ्यांनीं कशी दोन प्रकारची दिसते, हें नववी-दहावीच्या विद्यार्थ्यास सहज समजेल.

आतां एक अवघड भाग. मिसरी लोक एमर्सनला ‘शिव्यांचा बाप’ म्हणतात आणि अमीलियेला ‘सित्त हकीम’, म्हणजे डॉक्टरीणबाई. औषधें ती मनापासून देते. तरी राज्यकर्त्या जातीची घमेंड तिच्या बोलण्यांत डोकावतेच, आणि जे आपण स्वतः परक्या राज्याखालीं होतों त्या आपल्या डोळ्यांस ती लगेच दिसते. लेखिकेलाही ती दिसत होती. ‘द एप हू गार्ड्स द बॅलन्स’ (१९९८) या पुस्तकांत मुकादम अब्दुल्ला याचा नातू डेव्हिड, ज्याला या कुटुंबानें घरचा मुलगा मानिलें आहे, अमीलियेच्या पुतणीशीं विवाह करूं इच्छितो. आणि जन्मभर उदारपणाच्या गोष्टी सांगणारी ही बाई एकदम दचकते. इतकी वर्षें ज्याला पंक्तीस बसविलें, त्यास जांवई म्हणतांना जीभ कां अडखळावी? आपल्याच मनाच्या तळाशीं काय होतें तें तिला प्रथमच कळतें, आणि तिला लाज वाटते. अब्दुल्लालाही हा विवाह प्रथम पसंत नसतो, हेंही लेखिकेनें लपविलेलें नाहीं. आमच्या मतें साऱ्या मालेंत याहून मोठें रहस्य उलगडलेलें नाहीं. ज्या घरांत जातीपातीवरून विवाह अडले आहेत, त्या घरच्या पालकांनीं हें पुस्तक मुलांच्या आधीं वाचावें.

‘द ममी केस’ (१९८५) या तिसऱ्या पुस्तकांत कांहीं मिशनरी मंडळींचें चित्र बरेंच थट्टेचें आहे. मिशनच्या शाळेंत शिकलेल्या आम्हांस तें बोचलें. पण ज्या ठिकाणीं थट्टा बोचते त्या ठिकाणीं ती अगदींच निराधार असते असें नाहीं. दुसऱ्याच्या गांवांत जाऊन त्याच्याकडे न पाहतां बोलत सुटणारे लोक आम्हीही पाहिले आहेत.

पालकांच्या मनांत असेल तें बोलून टाकतों. नवरा-बायकोच्या प्रेमाचे प्रसंग येतात, पण दार लागतें आणि प्रकरण संपतें. एमर्सनच्या शिव्याही वाचकाच्या कानापर्यंत क्वचितच पोंचतात. खून आहेत, पण रक्ताची हौस नाहीं. पहिलीं तीन-चार पुस्तकें दहावीच्या मुलामुलींनीं खुशाल वाचावीं. महायुद्धाच्या काळांतील पुस्तकें, विशेषतः १९१४–१५ च्या हिंवाळ्यांतील कैरोचें वर्णन करणारें ‘ही शॅल थंडर इन द स्काय’ (२०००), थोड्या मोठ्या वयांत अधिक समजेल. त्या हिंवाळ्यांत, १९१५ च्या फेब्रुवारींत, तुर्की सैन्यानें सुएझच्या कालव्यावर हल्ला केला, तेव्हां तो कालवा राखणाऱ्यांत बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानचे होते, हें वाचतांना विसरूं नये. पुस्तकें प्रसिद्धीच्या क्रमानेंच घ्यावींत, आणि नाईलचा नकाशा जवळ ठेवावा.

शेवटीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक अभ्यास. ‘टूम ऑफ द गोल्डन बर्ड’ (२००६) या पुस्तकांत तुतनखामेन राजाच्या कबरीच्या शोधाची हकीकत आहे. कबरीची पहिली पायरी १९२२ च्या नोव्हेंबरच्या ४ तारखेस सांपडली, आणि २६ तारखेस हॉवर्ड कार्टरनें आंत डोकावून पाहिलें. हाच कार्टर सतरा वर्षांचा असतां अमार्ना येथें पेट्रीच्या हाताखालीं खणावयास शिकला होता. त्या दिवशीं त्याच्यामागें खरोखर कोण कोण उभे होते, आणि कादंबरीनें कोणास नेऊन उभें केलें, याच्या दोन याद्या कराव्यात. व दुसऱ्या यादींतील माणसें तेथें नसतीं तर गोष्टींत काय उणें पडलें असतें, तें दहा ओळींत लिहावें.