पाठीवर घर घेऊन आलेली पाहुणी

श्रावणांतील एका सकाळीं चिंचवड येथील आमच्या बागेंत पाहतों, तों झेंडूच्या रोपांचे नुसते देठ उरलेले! रोपांपासून भिंतीपर्यंत वाळलेल्या चिकट द्रवाची चकचकीत रेघ गेली होती. तिचा माग काढीत गेलों असतां भिंतीच्या ओलसर कोपऱ्यांत चोर सांपडला. पाठीवर घर घेऊन तो स्वस्थ निजला होता. हीच शंखी गोगलगाय होय.

हिचें माहेर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडील उष्ण व दमट प्रदेशांत आहे. तिचा तपकिरी पट्ट्यांचा शंख चुन्याचा बनलेला असून क्वचित् वीतभर लांब होतो. तो वाढविण्याकरितां ती भिंतीचा चुनाही खरवडून खाते. जिभेवर हजारों सूक्ष्म दांत असल्यामुळें ती कानशीप्रमाणें पानें किसते. पाऊस सरला म्हणजे शंखाचें तोंड पातळ पडद्यानें बंद करून ती महिनेच्या महिने निजून राहते. म्हणूनच ओलाव्याचा हा जीव आमच्या कोरड्या उन्हाळ्यांतही तगतो. प्रत्येक गोगलगाय नरही असते व मादीही; आणि एका वेळीं शंभराहून अधिक अंडीं मातींत घालूं शकते.

मग इतकी मंदगति असून ही समुद्र ओलांडून आली कशी? १८४७ सालीं बेन्सन नांवाच्या शंखाभ्यासकानें ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली व तेथील बागेंत ती मोकळी झाली. पुढें माणसांच्या मालाबरोबर ती देशभर पसरली. २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर, बीड व आजच्या धाराशिव जिल्ह्यांत तिनें सोयाबीनचे कोवळे अंकुर फस्त केले आणि अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली.

आमचा पिंपरी-चिंचवड व चाकणचा मुलूख दूरदूरच्या मालावर जगतो. कारखान्यांच्या शेजारीं कांद्याचीं शेतेंही आहेत. म्हणून विकत आणलेल्या रोपांची माती आपण नीट पाहूं या. सायंकाळीं बागेंत ओलीं गोणपाटें अंथरावीं, व सकाळीं त्यांखालीं जमलेल्या गोगलगाई मिठाच्या पाण्यांत टाकाव्या. मात्र उघड्या हातानें त्यांस शिवूं नये. माणसाच्या मेंदूस अपाय करणारे सूक्ष्म जंत त्यांच्या शरीरांत असूं शकतात.

आपल्या मूळ रानांत हीच गोगलगाय कुजक्या पानांचें खत करिते, व तिला खाणारे जीवही तेथें असतात. दोष तिचा नव्हे. विचार न करितां तिला उचलून आणणाऱ्या हातांचा आहे.