ठराव झाला, पुढे काय?

चि. प्रज्ञास,


सफाई कामगारांसाठी तुम्ही दिलेल्या अर्जांची कुणी दखल घेत नाही आणि तू खचली आहेस, असं ताईकडून कळलं. म्हणून हे पत्र.

महाड म्हटलं की तुला आठवतो तो २० मार्च १९२७, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तो दिवस. त्याच्या आधीचं आणि नंतरचंही वाच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं, पण कागदावर. तो कागद खरा करायला माणसं तळ्यावर गेली आणि त्याच दिवशी मंडपात त्यांनी मार खाल्ला. ऑगस्टमध्ये पालिकेने ठराव फिरवला. डिसेंबरात हजारो सत्याग्रही जमले, तेव्हा तळं बंद ठेवू पाहणाऱ्यांच्या दाव्यावरून कोर्टाची मनाई आडवी आली. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि तो दावा नेटाने लढवला. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. बंदीची वहिवाट वाद्यांना सिद्ध करता आली नाही. एका तळ्यासाठी दहा वर्षं गेली, पोरी!

तुझी लढाई त्याच वाटेवरची आहे. माणसाला हाताने मैला उपसायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात जीव गेला तर कुटुंबाला ३० लाख द्यावेत, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये बजावलं. तरी माणसं आत उतरवली जातात आणि कार्यालय कंत्राटदाराकडे बोट दाखवून मोकळं होतं.

तेव्हा पुढचा अर्ज देताना आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. कंत्राटाची प्रत माहिती अधिकारात माग. २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्यात दक्षता समिती असते, तिची बैठक शेवटची कधी झाली ते लेखी विचार. आणि सगळ्यात आधी कामगारांशी बोल. नाव पुढे आलं की काम जाण्याची भीती त्यांना असते, तुला नाही. कुठपर्यंत जायचं ते त्यांनी ठरवावं, तू त्यांच्या सोबत राहा.

राग येतो तो येऊ दे, पण रागावर फार तर महिना निघतो. पुढे फाईलच लागते. नव्या अर्जाचा मसुदा मला पाठव, दुरुस्त करून लगेच परत देतो.

तुझा,
मामा