हिवाळ्यातील आभाळ, गारा व थंडी : त्यांचे मूळ आणि पिकांची राखण

मौदा तालुक्यातील शेतकऱ्यास हिवाळा हा दुहेरी जोखमीचा काळ असतो. हंगामाच्या आरंभी कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळत असतात. पुढे लाल मिरची खळ्यावर पसरलेली असते आणि गहू, हरभरा व लाखोळी ही पिके शेतात उभी असतात. अशा वेळी दोन दिवस आभाळ येऊन पाऊस वा गारा पडल्या, तर हाती आलेले व येऊ घातलेले पीक धोक्यात येते. हा पाऊस अवचित येतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यास आणणारी हवेची हालचाल हजारो किलोमीटरचा प्रवास करून येते व तिची चाहूल काही दिवस आधी लागू शकते.

समुद्राचे कार्य

जमीन लवकर तापते व लवकर निवते. समुद्र मात्र उन्हाळ्यातील उष्णता पुष्कळ काळ साठवून ठेवतो. ही उष्णता उष्ण सागरी प्रवाह दूरवर वाहून नेतात. अटलांटिक महासागरातील ‘गल्फ स्ट्रीम’ हा असाच एक प्रवाह होय. लंडन शहर सुमारे ५१ उत्तर अक्षांशावर असूनही तेथील हिवाळा सौम्य असतो; उलट त्याच अक्षांशावरील कॅनडाचा लॅब्राडोर किनारा बर्फाने गोठतो. समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे युरोपास ऊब देतात, हे या भेदाचे मुख्य कारण आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राचे पाणीही वरच्या हवेपेक्षा उबदार असते. त्यावर थंड हवा आली म्हणजे बाष्प वर चढते व वादळे निर्माण होण्यास अनुकूल स्थिती होते.

आकाशातील वेगवान वारा

या वादळांना पूर्वेकडे आणणारा वाहक म्हणजे जेट प्रवाह. जमिनीपासून सुमारे १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा अरुंद वारा ताशी १५० ते २०० किलोमीटर, आणि प्रसंगी त्याहूनही अधिक वेगाने वाहतो. विषुववृत्ताकडील उष्ण हवा व ध्रुवाकडील थंड हवा यांतील तफावत हिवाळ्यात वाढते. म्हणून याच ऋतूत हा प्रवाह प्रबळ होतो व हिमालयाच्या दक्षिणेस सरकून उत्तर भारतावर येतो. उन्हाळ्यात तो तिबेटच्या उत्तरेस जातो.

भूमध्य समुद्राकडून त्याच्या आधाराने येणाऱ्या वादळांस पश्चिमी झंझावात म्हणतात. हिवाळ्यात दर महिन्यास साधारणपणे ४ ते ६ झंझावात उत्तर भारतावरून जातात. त्यांपैकी बहुतेकांचा प्रभाव उत्तरेतच राहतो. परंतु जेट प्रवाहास वळण पडून तो दक्षिणेकडे झुकला, तर वरची थंड हवा विदर्भावर येते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून वा अरबी समुद्रावरून बाष्पयुक्त वारे खालून आले, तर उंच ढग बनून वीज, पाऊस व गारा होतात. फेब्रुवारी व मार्चमध्ये जमीन तापू लागलेली असल्याने गारांचा संभव वाढतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात झालेली गारपीट शेतकऱ्यांच्या स्मरणात आहे.

थंडीचा क्रम

आभाळ असताना रात्री उबदार असतात. कारण ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात. झंझावात पुढे सरकला की आकाश निरभ्र होते, उत्तरेचे कोरडे वारे वाहू लागतात आणि पारा झपाट्याने उतरतो. नागपूर येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअस नोंदले गेले. सारांश, उबदार ढगाळ रात्र ही थंडी सरल्याची खूण नव्हे. पुष्कळदा ती थंडीची पूर्वसूचना असते.

शेतकऱ्यांनी काय करावे

१. पावसाचा अंदाज मिळताच वाळलेल्या कडपा गोळा करून उंच जागी पुंजणे रचावे व ते झाकावे. ओले धान पुंजण्यात घालू नये.

२. वाळत घातलेली मिरची आच्छादनाखाली न्यावी. भिजलेली मिरची काळी पडते व तिला बुरशी लागते.

३. पावसाची शक्यता असता गव्हास पाणी देऊ नये. ओल्या जमिनीत वाऱ्याने पीक लोळते. फवारणी व खत देणेही पुढे ढकलावे.

४. ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळीचा प्रादुर्भाव वाढू शकतो. म्हणून पिकाची रोज पाहणी करावी. पाऊस झाल्यास साचलेले पाणी चर काढून त्वरित बाहेर सोडावे.

५. आकाश निवळून कडाक्याची थंडी पडण्याचा संभव असल्यास भाजीपाल्यास सायंकाळी हलके पाणी द्यावे.

६. विजा चमकत असता झाडाखाली थांबू नये. गुरे गोठ्यात बांधावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज कार्यकर्त्यांनी नियमित पाहावा आणि इशारा मिळताच तो गावातील फलकावर लिहावा. केवळ फलकावर विसंबून न राहता, ज्यांचे धान अद्याप बांधीत पडलेले आहे, त्यांच्याकडे प्रथम जावे. वाऱ्याची दिशा पालटणे कोणाच्या हाती नाही. परंतु पावसाआधी मिळालेला एक दिवस वाया न जाऊ देणे हे शेतकरी व कार्यकर्ता या दोघांच्याही हाती आहे.