सर्वांत कमी दराच्या ठेकेदारालाच शाळेचे काम द्यावे लागते का?

प्रश्न : आमच्या गावातील जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्यांचे काम अंदाजपत्रकापेक्षा २२ टक्के कमी दराने गेले. एवढ्या कमी दरात काम परवडते कसे? आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम देण्याची कायद्याने सक्ती आहे का?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तशी सक्ती नाही. निविदा नाकारण्याचा अधिकार शासनाला असतो, मात्र तो मनमानीपणे वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या टाटा सेल्युलर खटल्यात स्पष्ट केले आहे. तरीही मान्यता बहुधा खालच्या दरालाच मिळते. दुसऱ्याला काम दिले, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि खुलासे करताना अधिकाऱ्याच्या नाकी नऊ येतात. स्वस्त कामाला पुढे तडे गेले, तर मंजुरीच्या सहीबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

आता परवडण्याचे. खडीची खाण जवळ असेल, यंत्रे स्वतःची असतील, तर ठेकेदार प्रामाणिकपणेही दर उतरवू शकतो. तसे नसेल, तर कपात सिमेंटमध्ये, सळईत आणि पाणी मारण्यात होते. सळई काँक्रीटखाली गेली की दिसत नाही, म्हणून स्लॅब ओतण्याआधीच तिचे मोजमाप घेऊन ते मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ‘एमबी’त, नोंदवायचे असते. ओतताना काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे घन भरून ठेवतात आणि ७ व २८ दिवसांनी प्रयोगशाळेत त्यांची ताकद तपासतात. त्या दिवशी घन भरलेच नाहीत, तर ही तपासणी कायमची हुकते.

तामिळनाडूने १९९८मध्ये, कर्नाटकाने १९९९मध्ये आणि राजस्थानने २०१२मध्ये सरकारी खरेदी व कामांच्या पारदर्शकतेचे कायदे केले. त्यांत अपिलाचीही सोय आहे. केंद्राचे २०१२चे विधेयक मात्र २०१४मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळले. महाराष्ट्राचा कारभार शासन निर्णय आणि नियमपुस्तिकांवर चालतो. एक शासन निर्णय दुसऱ्याने बदलता येतो, त्यासाठी विधिमंडळात चर्चा लागत नाही. म्हणून आपल्याकडेही कायदा हवा, असे मला ठामपणे वाटते.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये निवडक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भारांक देण्याची मुभा दिली. दोन खोल्यांच्या कामाला एवढा व्याप नको. ठेकेदाराने आधी बांधलेल्या शाळा दोषदायित्वाच्या मुदतीत गळल्या का आणि त्याने त्या दुरुस्त केल्या का, एवढी नोंद निविदा उघडताना पाहणे बंधनकारक केले, तरी पुष्कळ फरक पडेल. शिवाय एमबी, चाचणी अहवाल आणि देयके ग्रामपंचायतीत आपोआप लावली गेली पाहिजेत. अंतिम देयकापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीचे म्हणणे नोंदवले जावे. मुले आपली आहेत, त्यांच्या डोक्यावरचे छत तपासायला पालकांना कुणाची मेहेरबानी लागू नये.

तोवर हातात असलेला कायदा वापरा. माहिती अधिकार अधिनियम, २००५च्या कलम २(ञ)नुसार नागरिकाला केवळ कागदच नव्हे, तर प्रत्यक्ष कामही पाहता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागता येतात. अर्जात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, एमबीच्या प्रती आणि घनचाचणीचे अहवाल मागा. अर्ज स्लॅब पडण्याआधीच द्या.