रक्त दिसेनासं झालं म्हणजे बरं झालं नाही

बायो, परवा बेसिनपाशी तुझी थुंकी लालसर दिसली. तू पटकन नळ सोडलास, म्हणून तेव्हा गप्प राहिले. आज घरात दोघीच आहोत, तर ऐक.

रक्त येतं म्हणून तू ती बाजू घासायचीच सोडलीस ना? माझ्या पहिल्या खेपेला, पाचव्या महिन्यात, मीही तेच केलं. शेजारच्या काकी म्हणाल्या, चिमूटभर मशेरी लाव, थांबेल. आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजल्याचा ठसका कुणाला नवा आहे? लावली, आणि रक्त खरंच कमी झालं. त्या आठ-दहा दिवसांची आठवण आली की अजून पोटात कालवतं. तंबाखूतलं निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून रक्त दिसत नाही. आतलं पोखरणं चालूच राहतं. शिवाय पोटातलं बाळ कमी वजनाचं होण्याची भीती, ती वेगळीच.

खरं दुखणं दाताच्या मुळाशी साचणाऱ्या पांढुरक्या, चिकट थरात आहे. ती जंतूंची वस्ती. त्यातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू तर हवेपासून लांब, हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत खोल दडून राहतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ धडधाकट माणसांनी मुद्दाम दात घासणं सोडलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत एकूणएकाच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. आठवडाभरात, बायो! गरोदरपणात संप्रेरकं वाढलेली असतात, त्यामुळे तेवढ्याच थरानं आपली हिरडी जास्त फुलते, इतकंच.

सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्याचे दातच तसे. त्यात थोडं तथ्य आहे. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांवर १९७० पासून पंधरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. दात घासायची सवय कुणालाच नाही, किटण सगळ्यांच्या दातांवर, हिरड्या सगळ्यांच्या सुजलेल्या. तरी ८ टक्के लोकांचे दात झपाट्यानं गेले, ८१ टक्क्यांची झीज हळूहळू होत राहिली, आणि ११ टक्क्यांचं दुखणं हिरडीच्या सुजेपुढे गेलंच नाही. मोरोक्कोत तर एका वेगळ्याच जंतूची एक जहाल जात आहे, ती कोवळ्या पोरांच्या दातांचा आधार खाते. म्हणजे कुठला जंतू वाट्याला येतो आणि शरीर त्याला कसं तोंड देतं, हे माणसागणिक बदलतं. पण आपण त्या ११ टक्क्यांतल्या की ८ टक्क्यांतल्या, हे आरशात बघून कळत नाही गो. थर काढणं मात्र आपल्या हातात आहे.

तेव्हा मऊ ब्रश घे, हिरडीच्या कडेला तिरका धर, आणि जिथे रक्त येतं तिथेच हलक्या हातानं, रोज दोनदा फिरव. घट्ट झालेलं किटण ब्रशनं निघत नाही, ते दाताच्या डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. त्यानं दात ढिले होत नाहीत. किटण गेल्यावर मधल्या फटी उघड्या पडतात, म्हणून तसं वाटतं. तुझे आता मधले तीन महिने आहेत, खुर्चीत पडून राहायला हेच सोयीचे. सासूबाईंशी मशेरीवरून वाद घालू नकोस, पण त्यांनी डबी पुढे केली तर घेऊ नकोस.

सोमवारी सकाळी मी रिक्षा घेऊन येते. सिव्हिलच्या दंत विभागात जाऊ. बाळंतपणाची फाईल तेवढी काढून ठेव, आणि कितवा महिना ते डॉक्टरांना आधीच सांग.