पिस्तूल, मूठ आणि माप

होस्टेलवर रात्री अकरानंतर जे विषय निघतात त्यात पिक्चरमधलं पिस्तूल हमखास असतं. हिरो ते कमरेला खोचतो, एका हातानं काढतो आणि चालत्या गाडीचा टायर फोडतो. हे बघून आपल्यातला अर्धा मेकॅनिकल विभाग 'मी असतो तर काय काय बदललं असतं' यावर बोलायला लागतो. म्हणून या वेळी हाच विषय घेतला. छोटं स्टीलचं पिस्तूल आपल्या हातासारखं करून घेणं म्हणजे नक्की काय, आणि ते जवळ बाळगणं म्हणजे काय?

आधी एक प्रयोग करा. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली घ्या. उजवा हात सरळ समोर करून ती एक मिनिट धरा. बाटली साधारण एक किलोची, खांद्यापासून अंतर ०.६५ मीटर धरलं तर मोमेंट आला ६.४ न्यूटन-मीटर. हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. विसाव्या सेकंदाला बाटली नाचायला लागेल. नेमबाजीच्या २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल प्रकारात एवढ्याच वजनाची वस्तू एका हातात धरून साठ गोळ्या मारतात. दुसरा हात लावायला परवानगी नाही.

या प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण मिळवलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला तिचे आणि थायलंडच्या खेळाडूचे ३४-३४ असे समान गुण झाले. शूट-ऑफमध्ये राही जिंकली आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. म्हणजे विषय परक्या देशाचा नाही.

१) स्टील का, आणि छोटं का नको?

.२२ ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची असते. वेग सेकंदाला ३२० मीटर धरला तर संवेग झाला ०.८३ किलो-मीटर प्रति सेकंद. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं तेवढाच संवेग पिस्तुलाला उलट दिशेनं मिळतो (वायूचा भाग सोडून देऊ). पिस्तूल १.१ किलोचं असेल तर ते सुमारे ०.७५ मीटर प्रति सेकंद वेगानं मागे येतं. तेच ०.६ किलोचं असेल तर वेग १.४ च्या जवळ जातो. स्टीलचं वजन इथं उपयोगी पडतं. पण वजन वाढवत बसता येत नाही, नियमानुसार या पिस्तुलाची मर्यादा १४०० ग्रॅम आहे.

आता लांबी. पुढची माशी आणि मागची खाच यांतल्या अंतराला साइट रेडियस म्हणतात. स्पर्धेत ते जास्तीत जास्त २२० मिलिमीटर चालतं. नेम धरताना माशी फक्त अर्धा मिलिमीटर सरकली, तर समरूप त्रिकोणानं २५ मीटरवर चूक होते ५७ मिलिमीटर. दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे गोळी आठात गेली. खिशात मावणाऱ्या छोट्या पिस्तुलाचा साइट रेडियस १०० धरा. तीच अर्धा मिलिमीटरची चूक १२५ मिलिमीटरची होते. चालत्या गाडीचा टायर विसरा!

२) मग बदलतात काय?

धातू नव्हे, लाकूड! सगळ्यात मोठा बदल मुठीत होतो. प्रत्येकाचा तळवा वेगळा, म्हणून लाकडी मूठ घासून, कधी पुट्टी भरून हाताच्या आकाराची करतात. हेतू एकच, रोज हात त्याच जागी बसला पाहिजे. फिटिंग जॉबमध्ये आपण मेटिंग सरफेस निळा रंग लावून तपासतो, तसंच समजा. पण इथंही गेज आहे. मुठीचा कुठलाही भाग हाताला वेढणारा नको आणि अख्खं पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट ट्रिगर. तो किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. एक किलोचं वजन टांगून तपासतात, चाप सुटला तर पिस्तूल बाद. हलका ट्रिगर म्हणजे चांगला ट्रिगर असं नाही. रोज सारखा सुटतो तो चांगला.

तिसरी गोष्ट देखभाल. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या १० मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तिनेच २०२४ ला पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेतली. एक छोटा पार्ट काय करू शकतो ते यावरून कळतं.

३) आपल्या लेथवर?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कबनूरला माझ्या मामाची छोटी शेड आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल. सुट्टीत मी तिथं असताना एक ओळखीचा माणूस स्टीलचा पाइप आणि वहीच्या कागदावर काढलेलं स्केच घेऊन आला. "खेळण्यातल्या पिस्तुलाचं आहे, एवढं आतून बोअर करून द्या, म्हणाल ते देतो." मामानं स्केच बघितलं, कागद परत केला. "चहा घ्या आणि जावा." तो गेल्यावर मी म्हटलं, मामा, दहा मिनिटांचं काम होतं. मामा म्हणाला, "काम दहा मिनिटांचं, पण किती वर्षांचं ते तुझ्या पुस्तकात बघ."

मी बघितलं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक-पिस्तूल बनवणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, सगळं बंद. व्याख्येत सुटे भागही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. नंबर खोडणं हाही गुन्हाच. 'मला माहीत नव्हतं' हे व्हायवात चालत नाही, तिथं कसं चालेल? आपल्या इचलकरंजी-कबनूर भागात गल्लीगल्लीत लेथ आहे, ड्रॉइंग वाचणारी पोरं आहेत. म्हणूनच असलं काम घेऊन कोणी आपल्याकडेच येणार.

४) बाळगणं

परवान्याची वयोमर्यादा २१ वर्षं. त्याआधी फक्त नियमांनुसार सरावापुरता वापर. खेळाडू पिस्तूल रिकामं करून, कुलपाच्या पेटीत नेतो, गोळ्या वेगळ्या. रेंजवर चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग घालतात, म्हणजे लांबूनही कळतं की ते रिकामं आहे. कमरेला खोचणं हा प्रकारच नाही. आणि कोणाचं तरी पिस्तूल हातात घेऊन फोटो टाकणाऱ्यांनी हे वाचून तो आजच काढावा.

कोणाला खरंच आवड असेल तर एअर पिस्तूल आणि रेंज हा सरळ रस्ता आहे. कोल्हापूर काही लांब नाही. तोपर्यंत बाटली आहेच. एक मिनिट न हलता धरता आली की रेक्टरांना सांगून माझ्या खोलीवर या, पुढचं गणित दोघं मिळून करू!