तबकडी आणि माडीची जमीन

नाशिकच्या जुन्या वाड्यांत माडीची जमीन लांकडी तुळयांवर तोललेली असते. तिच्यावर कोणी धांवलें कीं तबकडीवरील सुई उडते, आणि नाशकांतच १९२१ सालीं जन्मलेल्या द. वि. पलुसकरांची तान मध्येंच तुटते. सुई बिचारी काय करणार! खोबणीचें वळण कोणतें व मेजाचा हादरा कोणता, हें तिला कळत नाहीं.

पुष्कळजण यंत्राखालीं स्प्रिंगा बसवितात. वजनानें १ सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग स्वतः सेकंदास सुमारें ५ वेळां झुलते. ७ हून जलद कंपनें ती कमी करते; परंतु पावलांचा हादरा ५ च्या आसपासचा असला तर उलट वाढविते! आमच्या मतें जाड भिंतींतील कोनाडाच बरा. तो लहान पडल्यास त्याच भिंतींत पक्की फळी बसवावी. तिचा पाय मात्र जमिनीस टेकूं देऊं नये.